गाळा नंबर दोनमधली जादा तुकडी

वडप्याच्या केसरीनाथ भोईरांना तपकिरीचं व्यसन होतं, असं म्हणणं म्हणजे नाशिक हायवेला ट्रकांचं व्यसन आहे असं म्हणण्यासारखं झालं. चहाआधी एक चिमूट, जेवणानंतर एक, आणि मधल्या वेळात कंटाळा आला की आणखी एक. प्रत्येक चिमटीमागे शिंका मात्र ठरलेल्या तीन. पहिली नुसती सलामीची. दुसरी मुद्द्याची. तिसरी अशी, की गोडाऊनच्या पत्र्यावरची कबुतरं समोरच्या गोडाऊनवर मुक्काम हलवत. गावातल्या बायका तिसरी शिंक ऐकूनच भाताचं आधण ठेवत.

अशा माणसानं तपकिरीची डबी पणाला लावावी, म्हणजे प्रसंग तसाच मोठा असला पाहिजे. तो होता मुलाच्या, भाविकच्या, साखरपुड्याचा. मुलगी पडघ्याची, विनिता. तिची आई कमळ ही बाई अशी, की तिच्यासमोर ट्रकवालेही हॉर्न विचारून वाजवत. मांडवात सगळी भावकी बसलेली असताना ती उभी राहिली आणि म्हणाली, "पोर बारावी झाली हाय. तिला पुढं कॉलेज शिकवणार असाल तर पेढा घ्या. न्हाय तर पेढे आमच्याकडं पण खाणारे हायत."

केसरीनाथांचा हात पेढ्यापाशीच थांबला. मग तो खिशात गेला आणि चांदीची डबी घेऊन वर आला.

"विहीणबाई, यंदा तुमची पोर कॉलेजात गेली न्हाय, तर ही डबी मी खाडीत टाकीन. सगळ्यांच्या देखत सांगतो."

मांडवात 'अरे बापरे' झालं. एखादा गाळा लिहून दिला असता तरी लोक एवढे हलले नसते. गोडाऊनचे गाळे त्यांच्याकडे चार होते, डबी एकच होती.

लग्न मे महिन्यात झालं. जून नव्या नवरीला घरोघरी जेवायला नेण्यात गेला, कारण भोईरांची भावकी वडप्यापासून कामतघरपर्यंत पसरलेली, आणि एका घरी जेवून दुसऱ्या घरी न जेवणं म्हणजे पुढची दहा वर्षं टोमणे. आषाढात नवरी माहेरी. ती परत आली तेव्हा दोन हजार नऊचा ऑगस्ट उजाडला होता, प्रवेशाची मुदत संपत आली होती आणि पुण्याहून स्वाइन फ्लू निघाला होता.

तो कुठपर्यंत आला हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं, पण शेजारच्या ठकुबाईला होतं. "कल्याण नाक्यावर हाय," ती म्हणाली, आणि केसरीनाथांच्या गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधून गेली. पुरचुंडीचा वास नाकात गेला की तपकिरीची आठवण होई. मग चिमूट. मग शिंका तीन. म्हणजे उपायानं रोगाच्या लक्षणात भरच पडली, पण ठकुबाईला हे सांगणार कोण?

कॉलेज भिवंडीत, भर वस्तीत. फाटकापासून रांग लागलेली. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल, काहींच्या तोंडाला मास्क, एकाच्या तोंडाला चक्क बहिणीची ओढणी. केसरीनाथ सुनेबरोबर रांगेत उभे राहिले. सुनेला एकटं पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण शब्द त्यांनी दिला होता, म्हणून प्रवेश त्यांच्या नजरेसमोरच व्हायला हवा होता. तासाभरात रांग चार पावलं सरकली. केसरीनाथांना कंटाळा आला. बोटं आपोआप डबीत गेली.

पहिल्या शिंकेला पुढच्या मुलानं मागं वळून पाहिलं. दुसरीला रांग दोन्ही बाजूंना फाकली. तिसरीनंतर फाटक ते खिडकी सगळा रस्ता मोकळा. केसरीनाथांना क्षणभर वाटलं, वडप्याचे भोईर म्हणून लोकांनी मान दिला. ते छाती काढून खिडकीशी गेले. खिडकी त्यांच्या नाकासमोर बंद झाली.

"चाचा, आप बाहर," रखवालदार काठी लांब धरून म्हणाला. "और ये लडकी भी. आपके घर की है ना?"

"अरे, ही तपकिरीची शिंक हाय! सुंगनी, सुंगनी!" केसरीनाथांनी डबी उघडून दाखवली, तसा रखवालदार आणखी दोन हात मागे गेला.

खिडकीच्या आतून हेडक्लार्कचा आवाज आला. "विद्यापीठाचं परिपत्रक आहे, शिंकणाऱ्यास व त्याच्या घरच्यांस आवारात प्रवेश नाही. शिंक कशाची, हे परिपत्रकात विचारलेलं नाही. दाखला आणा, मग या."

"मामा, चला," विनिता हळूच म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणायची. घरी जाताना रिक्षात ती एक शब्द बोलली नाही, आणि केसरीनाथांना वाटलं, त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

दाखल्याचं प्रकरण वेगळंच निघालं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर भले होते, पण त्यांच्याकडे आजारी असल्याचा दाखला छापलेला होता, आजारी नसल्याचा नव्हता. "आधी आजारी पडा, मग बरे झाल्याचा देतो," ते म्हणाले. मग त्यांना दया आली आणि त्यांनी कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. "घरात डुक्कर आहे का?"

केसरीनाथ खुर्चीतून उठलेच. "डॉक्टर, आमच्यात लग्नाआधी अशी चौकशी करतात, पण ती पण एवढ्या थराला जात न्हाय."

दाखला मिळाला त्या दिवशी कॉलेजं बंद झाली. आठवड्याभरानं उघडली तेव्हा प्रवेशाची मुदत संपलेली. रोज संध्याकाळी पडघ्याहून फोन यायचा. कमळबाई ना नमस्कार करायच्या, ना तब्येत विचारायच्या. एकच प्रश्न. "डबी हाय का अजून?"

"हाय, विहीणबाई."

"बरं. मी आपली चौकशी केली," आणि फोन बंद.

गणपती गेले आणि केसरीनाथ थेट प्राचार्यांकडे गेले. या वेळी नाकावर रुमाल, रुमालावर मास्क, आणि डबी बायकोपाशी ठेव म्हणून. प्राचार्य परिपत्रकांच्या ढिगाऱ्यामागे बसले होते. माणूस सज्जन, पण महिन्याभरात पार पिचलेला.

"बघा भोईर, हे पहिलं परिपत्रक. यात उशिरा प्रवेश चालेल. हे दुसरं. यात पहिलं रद्द. तिसऱ्यात दोन विद्यार्थ्यांमध्ये तीन फूट अंतर ठेवा म्हटलंय. माझ्या वर्गात एकेका बाकावर चौघं बसतात. अंतर ठेवलं तर निम्मी पोरं गॅलरीत जातात. तिथं नवीन प्रवेश कुठून देऊ?"

"चौथं?" केसरीनाथांनी ढिगातल्या सगळ्यात वरच्या कागदाकडे बोट केलं. त्यांना कागदपत्रांची सवय होती. जमिनीच्या व्यवहारात शेवटचा कागद आधी वाचायचा, हे ते बापाकडून शिकले होते.

प्राचार्यांनी उसासा टाकला. "चौथ्यात म्हटलंय, हवेशीर, प्रशस्त जागा उपलब्ध असल्यास प्रथम वर्षाची एक जादा तुकडी काढता येईल आणि तिच्यासाठी प्रवेश खुले राहतील. आता भिवंडीत हवेशीर, प्रशस्त जागा—"

"किती प्रशस्त?"

"म्हणजे?"

"माझ्या गाळा नंबर दोनमध्ये एका वेळी आठ ट्रक उतरतात. आत्ता रिकामा हाय. चाललं का?"

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. महिन्याभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना काही द्यायला आलं होतं, मागायला नव्हे.

गाळा तयार करायचं काम पंढरीकडे आलं. पंढरी हा केसरीनाथांच्या गोडाऊनांचा मुकादम. त्याच्या हिशेबी जगात दोनच गोष्टी होत्या, माल आणि माल ठेवायची जागा. त्यानं गोडाऊनच्या पद्धतीप्रमाणे फरशीवर पिवळ्या रंगानं चौकोन आखले, प्रत्येकात नंबर टाकला, मध्ये जायला-यायला गल्ली सोडली, आणि भिंतीवर 'एकावर एक ठेवू नये' ही जुनी पाटी तशीच राहू दिली. विद्यार्थी आत येताना 'आवक' आणि बाहेर जाताना 'जावक' लिहायची त्याची तयारी होती. ती विनितानं थांबवली.

"पंढरीदादा, आम्ही माल न्हाय."

"न्हाय कसं वैनी? आतमधी येणारं सगळं मालच असतंय. आता फुटणारं हाय का न फुटणारं, तेवढं सांगा."

विद्यापीठाची समिती जागा पाहायला यायची होती. तिच्या मान्यतेशिवाय तुकडी नाही, आणि तुकडीशिवाय प्रवेश नाही. तारीख ठरली होती सोमवारची. शनिवारी संध्याकाळी प्राचार्यांचा फोन. समिती रविवारीच येणार, दुपारी चारला.

केसरीनाथांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. रविवारी त्यांच्या वडिलांचं पितर होतं. भोईरांच्यात पितराला सगळी भावकी जेवायला येते, आणि एवढी माणसं घरात मावत नाहीत म्हणून गेली कित्येक वर्षं पंगत रिकाम्या गाळ्यातच बसते. यंदा रिकामा गाळा एकच होता.

"पितर बदलता येत न्हाय," त्यांची बायको जानकीबाई वड्यांचं पीठ मळता मळता म्हणाली. "समितीला सांगा."

केसरीनाथांनी सांगितलं. पलीकडून प्राचार्य अगदी रडवेल्या आवाजात म्हणाले, "भोईर, विद्यापीठ बदलत नाही हो. पितरांनाच विचारून बघा."

शेवटी हिशेब असा बसला, की जेवणं दोनपर्यंत आटपायची, तीनपर्यंत झाडलोट, चारला समिती. हिशेब चोख होता. फक्त एक गोष्ट धरायची राहिली. त्या रविवारी मुंबई-नाशिक हायवे मोकळा होता. असं कुणाच्या आठवणीत कधी झालं नव्हतं. समिती साडेबाराला दारात उभी राहिली.

तिच्यात दोघं होते. अध्यक्ष म्हणजे एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक, आणि सदस्या म्हणजे एक बाई, हातात मोजायची टेप. मागून प्राचार्य. गर्दी टाळण्याची व्यवस्था पाहायला आलेल्या समितीनं शटरमधून आत पाहिलं, तर आत दीडशे माणसं पत्रावळी मांडून बसलेली. केसरीनाथांच्या हातात खिरीचं पातेलं होतं. ते त्यांनी लपवायचा प्रयत्न केला, पण खिरीचं पातेलं लपत नाही.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

प्राचार्यांनी डोळे मिटले. केसरीनाथांच्या डोळ्यांसमोर खाडी आली, खाडीत बुडणारी डबी आली, आणि काठावर उभी राहून ती बुडताना पाहणारी कमळबाई आली.

एवढ्यात सदस्या बाई म्हणाल्या, "सर, पण हे बसलेत बघा कसे."

केसरीनाथांनीही तेव्हाच नीट पाहिलं. दर पितराला भावकी खांद्याला खांदा लावून बसते, शेजाऱ्याच्या पानातली चटणी बोटानं चाखते. आज प्रत्येक जण आपापल्या पिवळ्या चौकोनात एकटा बसला होता. रांगा सरळ, गल्ल्या मोकळ्या, पाहावं तिकडे तीन-तीन फूट. आणि लोक वैतागलेले होते.

"केसरी, अरे मीठ मागायचं तर मोबाईल करावा लागतोय!" एका कोपऱ्यातून एक चुलते ओरडले.

"मना कोण बोलाला न्हाय!" दुसरीकडून आवाज आला. "जेवण हाय का जेल?"

अध्यक्ष एका म्हाताऱ्यापाशी थांबले. त्याच्या चौकोनावर एक्केचाळीस लिहिलं होतं. "आजोबा, तुम्ही कशाला आलात?"

"खिरीला," म्हातारा म्हणाला.

विनिता वाढायचं थांबवून पुढे आली. पदर खोचलेला, हातात वड्यांची टोपली. "सर, आज आमच्या आजेसासऱ्यांचं पितर हाय. पण जागेत दीडशे माणसं बसली तरी अंतर राहतं का, ते बघायला पंगत चौकोनात बसवली. वर्गात तर याच्या निम्मी पण न्हायत." मग जरा थांबून, "मीच बसवली. मामांना ठाऊक न्हाय. भावकी ओरडली, पण बसली."

सदस्या बाईंनी टेप लावली. तीन फूट आणि वर चार बोटं. दुसरीकडे लावली, तेवढंच. वाऱ्याची परीक्षा घ्यायची गरजच पडली नाही, कारण मोकळ्या शटरमधून आलेल्या वाऱ्यानं अध्यक्षांच्या हातातलं परिपत्रक उडवून खिरीच्या पातेल्यात नेलं होतं.

समिती जेवूनच गेली. बसली चौकोन एक आणि दोनमध्ये. अध्यक्षांनी तिसऱ्यांदा वडे घेतले तेव्हा प्राचार्यांना प्रथमच घाम पुसायची आठवण झाली.

मान्यता आली. तिला अटी होत्या. दारं उघडी ठेवावीत. वर्गातून एक प्रतिनिधी नेमावा, त्यानं वर्गाच्या तब्येतीवर लक्ष ठेवावं. शिंकत राहणाऱ्यास सात दिवस घरी पाठवावं. आणि शेवटची, पटावर आणि वर्गात किमान वीस विद्यार्थी असावेत, कमी झाल्यास तुकडी बंद.

प्रवेश घेणारे निघाले एकोणीस. विनिता धरून.

एक विद्यार्थी शोधायला केसरीनाथ तीन गावं फिरले. भिवंडीतली उरलेली पोरं म्हणाली, वडपे लांब पडतं. वडप्याची पोरं म्हणाली, कॉलेज गावात आलं तर मग कॉलेजला जायची मजा काय? ठकुबाई स्वतः तयार झाली, पण तिची शाळाच झालेली नव्हती. भाविकला विचारलं तर तो म्हणाला, "बाबा, सांगाल तो ट्रक रिव्हर्समध्ये लावून देतो. पण बाकावर बसणार न्हाय. लग्न झालंय माझं."

"तिचं पण झालंय," केसरीनाथ म्हणाले, पण तोवर भाविक मोटारसायकलवर होता.

रात्री जेवताना जानकीबाई सहज म्हणाली, "बारावी पास पाहिजे ना? वयाची अट हाय का?"

"न्हाय. का?"

"न्हाय, तुमी बारावीच्या पहिल्या बॅचचे. रोज सांगता. आमच्या टायमाची बारावी म्हणजे आत्ताचं बीए, असं पण सांगता." तिनं त्यांच्या पानात भाकरी टाकली. "मग राहिलंय किती?"

केसरीनाथांनी भाकरीकडे पाहिलं. मग सुनेकडे. सून खाली मान घालून जेवत होती, पण तिचे खांदे हलत होते.

आणि सोमवारी सकाळी वडप्याचे केसरीनाथ भोईर, वय एकोणपन्नास, गाळा नंबर दोनचे मालक, त्याच गाळ्यात चौकोन नंबर वीसमध्ये प्रथम वर्ष कला शाखेचे विद्यार्थी म्हणून बसले. ओळखपत्राच्या फोटोत ते असे दिसत होते, जणू तलाठ्यानं सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढवलंय.

शिकवायला राज्यशास्त्राचे एक तरुण सर आले. गाळ्याला घुमारा इतका, की सरांनी 'लोकशाही' म्हटलं की पलीकडच्या भिंतीकडून ती तीनदा परत यायची. वर्गप्रतिनिधी म्हणून पोरांनी एकमतानं विनिताला निवडलं, कारण समितीला पटवणारी तीच होती.

"शेवटचे विद्यार्थी, भोईर! लक्ष कुठंय?"

"सर, तो ट्रक चुकीच्या गाळ्याला लागतोय," केसरीनाथ उठून उभे राहिले. मग आठवण होऊन पुन्हा बसले.

मधल्या सुट्टीत त्यांनी शटरच्या आडोशाला जाऊन एक चिमूट ओढली. डबी घरीच ठेवून जातो असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं, पण ती खिशातच होती. शिंक सुट्टीत येईल असा अंदाज होता. तपकीर मात्र या वेळी विद्यापीठाच्या वेळापत्रकानं चालली. शिंक तासाला आली.

सलामीची शिंक घुमाऱ्यासकट चार वेळा ऐकू आली. सर खडू धरून थांबले. अठरा माना मागे वळल्या. विनिता उभी राहिली. ती प्रतिनिधी होती, तिला उभं राहावंच लागलं.

"सर," ती म्हणाली, "शिंक."

सरांनी टेबलावरचं परिपत्रक उचललं. त्यांचाही चेहरा पडला. "म्हणजे यांना सात दिवस घरी... आणि मग एकोणीस... म्हणजे तुकडी..."

 पुढच्या चौकोनातल्या एका मुलीनं वही मिटली, कारण पुढच्या तासाची आता गरज नव्हती.

"सर," विनिता पुन्हा म्हणाली, "परिपत्रकात 'शिंकत राहणाऱ्यास' असं हाय. एक शिंक म्हणजे शिंकत राहणं न्हाय."

"ते खरं," सर म्हणाले. "पण दुसरी आली तर?"

आता सगळा वर्ग केसरीनाथांच्या नाकाकडे पाहू लागला. त्यांना आयुष्यात कधी एकाच वेळी इतक्या माणसांनी इतक्या आशेनं पाहिलं नव्हतं. आणि दुसरी शिंक, मुद्द्याची, निघाली होती. त्यांनी नाक दोन बोटांत धरलं. चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा झाला. डोळ्यांतून पाणी आलं. कानात पॉवरलूम चालू झाल्यासारखी घरघर झाली. सून आपल्याकडे पाहतेय, आणि रिक्षातल्यासारखीच गप्प आहे, एवढंच त्यांना दिसत होतं. दुसरी शिंक परत गेली. तिच्या मागं उभी असलेली तिसरी, कबुतरांची, तीही दाराशी येऊन थबकली, आणि गेली.

तास संपेपर्यंत त्यांनी नाक सोडलं नाही. राज्यशास्त्रातलं एक अक्षर त्यांच्या डोक्यात शिरलं नाही, पण वीस विद्यार्थी वर्गात होते.

संध्याकाळी ते एकटेच मोटारसायकल घेऊन खाडीवर गेले. काठावर उभे राहून त्यांनी डबी उघडली, पाहिली, मिटली, आणि भिरकावली. चांदीची होती, चमकली आणि गेली. लगेच सकाळपासून कोंडलेल्या दोन्ही शिंका एकापाठोपाठ सुटल्या. चिखलातले बगळे उडून पलीकडच्या काठाला गेले.

घरी आले तोवर फोन वाजत होता.

"डबी हाय का अजून?" कमळबाई.

"न्हाय. खाडीत टाकली."

 मग कमळबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "म्हणजे... माझी पोर कॉलेजात गेली न्हाय?"

"गेली ना. आजच गेली. वर्गाची प्रतिनिधी झाली."

"मग डबी का टाकली?"

"ती गेली म्हणूनच टाकली."

 "केसरीभाऊ, मना काय समजलं न्हाय."

"मना पण न्हाय," केसरीनाथ म्हणाले आणि सवयीनं रिकामा खिसा चाचपला. "तसं परिपत्रक हाय, विहीणबाई."